वेगळ्या पंगतींतले विरोधक

१९३१च्या मार्चमध्ये हिंदू महासभेचे नेते डॉ. बा. शि. मुंजे रोमला होते. पहिली गोलमेज परिषद आटोपली होती आणि मायदेशी परतण्याआधी त्यांना इटलीतले तरुणांचे लष्करी शिक्षण पाहायचे होते. ‘बालिल्ला’ या मुलांच्या संघटनेचे काम त्यांनी पाहिले, १९ मार्चला मुसोलिनीची भेट घेतली आणि पाहिले त्याचे कौतुक रोजनिशीत लिहून ठेवले. नाशिकला १९३७मध्ये भोसला मिलिटरी स्कूल उभे राहिले, त्यामागच्या विचारात या दौऱ्याचाही वाटा होता. त्याआधीपासून ‘केसरी’त मुसोलिनीच्या इटलीविषयी गौरवाने लिहिले जात होते. पारतंत्र्यात पिचलेल्या समाजाला शिस्तीत चालणारी, मान ताठ ठेवलेली मुले पाहून भुरळ पडली, हे समजण्यासारखे आहे. पण मुंजे यांना जे दाखवले गेले नाही, तेही त्याच देशात, त्याच महिन्यात चालले होते. एर्नेस्तो रोस्सी नावाचे अर्थशास्त्राचे शिक्षक खटल्याची वाट पाहत कोठडीत होते. मे महिन्यात त्यांना २० वर्षांची शिक्षा झाली. दक्षिणेत बारीजवळच्या तूरी गावच्या तुरुंगात कम्युनिस्ट नेते अंतोनिओ ग्राम्शी शाळकरी वह्यांमध्ये बारीक अक्षरात लिहीत होते. लिपारी, पोंत्सा या बेटांवर शेकडो माणसे कोणत्याही न्यायालयापुढे उभी न राहता स्थानबद्ध होती.

मराठी वाचकाला मुसोलिनी आधी भेटला, त्याचे विरोधक फार उशिरा आणि तेही तुटक तुटक. ग्राम्शी यांचे नाव आता आपल्या चर्चांमध्ये रुळले आहे. मात्तेओत्ती, गोबेत्ती, रोस्सेली ही नावे अजून परकीच आहेत. ही उणीव भरून काढणारे पुस्तक मराठीत व्हावे, असे मला फार दिवस वाटत होते. ते वाचकांपुढे ठेवताना एक विनंती मात्र आधीच करतो. पुढची चरित्रे एकाच सेनेतल्या वीरांची म्हणून वाचू नयेत. ही माणसे एकमेकांशी कडाडून भांडली. त्यांत उदारमतवादी जमीनदार होते, कम्युनिस्ट कामगार होते, कॅथलिक धर्मगुरू होते, अराजकवादी होते, राजनिष्ठही होते. त्यांच्या दुहीने इटलीची लोकशाही बुडाली, हे खरे आहे. आणि त्यांच्यातले मतभेद कोणत्याही तुरुंगात विझले नाहीत म्हणूनच ती पुन्हा उभी राहू शकली, हेही मला तितकेच खरे वाटते. या दोन विधानांचा मेळ कसा बसतो, हे समजून घेण्यासाठी ही कहाणी जरा मागून सांगायला हवी.

मुसोलिनी ऑक्टोबर १९२२मध्ये पंतप्रधान झाला, पण फॅसिस्टांची सत्ता त्याआधीच गावोगाव बसली होती. पो नदीच्या खोऱ्यात शेतमजुरांच्या संघटना बळकट होत्या. सहकारी दुकाने, कामगार भवने, समाजवादी नगरपालिका हे सगळे त्यांनी दोन पिढ्यांच्या मेहनतीने उभारले होते. १९२१पासून जमीनदारांच्या पैशावर पोसलेली काळ्या सदऱ्यांची टोळकी रात्री मालमोटारींतून येत, इमारती जाळत, पुढाऱ्यांना दंडुक्यांनी झोडपत आणि जबरदस्तीने एरंडेल पाजत. पोलिस बहुतेक ठिकाणी बघत उभे राहत. या टोळक्यांना हत्यारांनी उत्तर द्यायला निघालेल्या ‘आर्दिती देल पोपोलो’ या दलात माजी सैनिक, अराजकवादी, समाजवादी, कम्युनिस्ट सगळे एकत्र आले होते. ऑगस्ट १९२२मध्ये पार्मा शहराच्या गरीब वस्त्यांनी गुईदो पिचेल्ली यांच्या नेतृत्वाखाली रस्त्यांवर अडथळे रचले आणि इतालो बाल्बोच्या हजारो फॅसिस्टांना माघारी पाठवले. फॅसिस्टांना रोखता येत होते, याची ही साक्ष. पण समाजवादी पक्षाने फॅसिस्टांशी समेटाचा करार करून या दलापासून अंग काढून घेतले होते आणि कम्युनिस्ट पक्षाने आपल्या सभासदांना त्यात जायला मनाई केली होती, कारण दल आपल्या शिस्तीत नव्हते. पार्मा एकटी पडली. या सबंध इतिहासात मला सर्वांत अक्षम्य वाटणारी चूक हीच आहे.

जाकोमो मात्तेओत्ती याच पो खोऱ्यातले. १८८५ साली फ्रात्ता पोलेझिने गावी सधन घरात जन्म, शिक्षण कायद्याचे, राजकारण शेतमजुरांचे. १९२१मध्येच फॅसिस्टांनी त्यांना पळवून नेऊन मारहाण केली होती आणि पुढे स्वतःच्या जिल्ह्यात राहणेही त्यांना अशक्य करून टाकले होते. हा माणूस मोठा वक्ता म्हणून गाजला नव्हता. त्याचे बळ आकड्यांत आणि कागदपत्रांत होते. अंदाजपत्रकाची पाने तो ओळ न् ओळ तपासे. फॅसिस्ट राजवटीच्या पहिल्या वर्षाचा हिशेब त्यांनी पुस्तकरूपाने मांडला. त्यात गावागावांतल्या हल्ल्यांच्या आणि खुनांच्या लांबलचक नोंदी आहेत, शब्दांचा फुलोरा कुठेही नाही.

६ एप्रिल १९२४ची निवडणूक आचेर्बो कायद्याखाली झाली. ज्या यादीला सर्वाधिक, आणि किमान एक चतुर्थांश, मते मिळतील तिला दोन तृतीयांश जागा, असा तो कायदा. फॅसिस्टांना ५३५पैकी ३७४ जागा मिळाल्या. ३० मे रोजी नव्या सभागृहात ही निवड एकगठ्ठा मान्य करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा मात्तेओत्ती उभे राहिले. कोणत्या मतदारसंघात उमेदवारांना बोलू दिले नाही, कुठे मतदारांवर पहारे बसवले, कुठे मतपत्रिका हातातून काढून घेतल्या, ते सांगत गेले. दर वाक्याला आरडाओरडा, धमक्या, अपमान. तरी ते थांबले नाहीत. सरकारने मते काहीही पडली तरी आपण बळाने सत्तेवर राहणार असे आधीच जाहीर केले असेल, तर मतदार मोकळा होता असे म्हणताच येत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. निवडणुकीतल्या गैरप्रकारांविषयी जगात पुष्कळ भाषणे झाली असतील. इतका साधा आणि इतका निरुत्तर करणारा युक्तिवाद मी दुसरा वाचलेला नाही.

१० जूनच्या दुपारी घरून संसदेकडे निघाले असताना तिबेर नदीकाठच्या रस्त्यावर त्यांना लान्चिया मोटारीत कोंबून पळवण्यात आले आणि मोटारीतच ठार करण्यात आले. आदल्या दिवशी तिथे घिरट्या घालणाऱ्या मोटारीचा क्रमांक जवळच्या इमारतीच्या दरवानाने टिपून ठेवला होता. त्यावरून अमेरिगो दुमिनी आणि त्याच्या टोळीचा छडा लागला. ही टोळी थेट मुसोलिनीच्या वर्तुळातली होती. प्रेत सापडले १६ ऑगस्टला, रोमबाहेरच्या क्वार्तारेल्लाच्या रानात. देश हादरला. कपड्यांवरचे फॅसिस्ट बिल्ले लोक निमूटपणे काढून ठेवू लागले. त्या उन्हाळ्यात मुसोलिनी पडेल, असे त्याच्याच लोकांना वाटत होते.

तो पडला नाही. विरोधी पक्षांनी संसदेवर बहिष्कार टाकला. प्राचीन रोममधल्या सामान्य जनतेने अव्हेंतिनो टेकडीवर जाऊन केलेल्या असहकाराचे नाव त्याला पडले. त्यांचे नेते जोव्हान्नी अमेंदोला सचोटीचे उदारमतवादी होते आणि पुरावे पुढे आले की राजा मुसोलिनीला दूर करील, यावर त्यांची भिस्त होती. पुरावे आले. मुसोलिनीचा जुना सहकारी चेझारे रोस्सी याचे निवेदन डिसेंबरच्या अखेरीस ‘इल मोंदो’ने छापले. राजा हलला नाही. सार्वत्रिक संपाची कम्युनिस्टांची सूचना इतरांनी फेटाळली आणि नोव्हेंबरमध्ये कम्युनिस्ट एकटेच सभागृहात परतले. नैतिक बहिष्काराला मी कमी लेखत नाही, पण नुसत्या बहिष्कारामागे लोकांची कृती नसेल तर तो सत्ताधाऱ्याला उसंत देतो. मुसोलिनीला सहा महिने मिळाले. ३ जानेवारी १९२५ला त्याने संसदेत उभे राहून घडल्या प्रकाराची सगळी जबाबदारी आपल्या शिरावर घेतली आणि त्याला कोणी हात लावू शकले नाही.

पुढची दोन वर्षे मोडतोडीची. तूरिनमध्ये विशीतल्या पिएरो गोबेत्ती यांनी ‘ला रिव्होल्युत्सिओने लिबेराले’ हे साप्ताहिक काढले होते. फॅसिझम हा इटलीच्या जुन्याच दुखण्याचा, अपुऱ्या राहिलेल्या नागरिकत्वाचा परिपाक आहे, असे ते मांडत. मारहाणीने खंगलेले गोबेत्ती फेब्रुवारी १९२६मध्ये पॅरिसला वारले, वयाच्या २४व्या वर्षी. त्याच एप्रिलमध्ये अमेंदोलाही मारहाणीच्या दुखापतींनी फ्रान्समध्ये गेले. फिरेन्झेत इतिहासकार गाएतानो साल्वेमिनी, रोस्सेली बंधू आणि एर्नेस्तो रोस्सी यांनी ‘नोन मोल्लारे’ हे गुप्त पत्रक चालवले. १ मे १९२५ला तत्त्वज्ञ बेनेदेत्तो क्रोचे यांनी फॅसिस्ट बुद्धिवंतांच्या जाहीरनाम्याला उत्तर देणारे निवेदन प्रसिद्ध केले. ऑक्टोबर १९२६मध्ये बोलोन्यात मुसोलिनीवर गोळी झाडली गेली. १५ वर्षांच्या आंतेओ झांबोनीला जमावाने तिथेच ठेचून मारले आणि सरकारला हवे ते निमित्त मिळाले. नोव्हेंबरमध्ये सर्व विरोधी पक्ष बरखास्त, वृत्तपत्रे बंद, खासदारक्या रद्द आणि लष्करी अधिकाऱ्यांचे विशेष न्यायालय. १९२७ ते १९४३ या काळात या न्यायालयाने ४,५९६ जणांना शिक्षा केल्या, त्यांची बेरीज २७ हजार वर्षांहून अधिक भरते. शिक्षा झालेल्यांत बहुसंख्य कम्युनिस्ट होते आणि ते मुख्यतः कामगार आणि कारागीर होते. या पुस्तकात विचारवंतांची चरित्रे अधिक आहेत, कारण त्यांनी लिहून ठेवले. हे प्रमाण वाचताना उलटे करून घ्यावे.

१९३१मध्ये विद्यापीठातल्या प्राध्यापकांना राजवटीशी निष्ठेची शपथ सक्तीची करण्यात आली. बाराशेहून अधिक प्राध्यापकांपैकी उघड नकार देणारे म्हणून साधारण बारा नावे सांगितली जातात. गणितज्ञ व्हितो व्होल्तेर्रा, प्राचीन इतिहासाचे गाएतानो दे सांक्तिस, सेमिटिक भाषांचे जोर्जो लेव्ही देल्ला व्हिदा हे त्यांपैकी. सही करणारे सगळे भित्रे नव्हते. अध्यापनाच्या जागा फॅसिस्टांच्या हाती जाऊ नयेत म्हणून सही करा, असा सल्ला क्रोचे यांनी काहींना दिला आणि कम्युनिस्ट पक्षानेही आपल्या माणसांना तेच सांगितले. तो सल्ला चूक होता असे म्हणायला मी धजावत नाही. त्या जागांवरून पुढे चांगले विद्यार्थी घडले. तरीही माझे मन पिएरो मार्तिनेत्ती यांच्याकडे ओढ घेते. मिलानचे हे तत्त्वज्ञ एकांतप्रिय होते, कोणत्याही पक्षाचे नव्हते. तरुणपणी त्यांनी आपल्या सांख्य दर्शनावर ग्रंथ लिहिला होता. धर्म आणि नीती यांचा निवाडा माणसाच्या विवेकातच होतो, हे आयुष्यभर शिकवले आणि आता त्याच्या उलट सही केली तर शिकवलेले सगळे खोटे ठरेल, या भूमिकेवर ते ठाम राहिले. नोकरी सोडून ते पिएमोंतेतल्या आपल्या शेतघरात जाऊन लिहीत बसले.

भारताचा या विरोधाशी संबंध कौतुकापुरताच नव्हता. १९२६मध्ये रवींद्रनाथ ठाकूर मुसोलिनीचे पाहुणे म्हणून इटलीत आले आणि त्यांच्या तोंडचे सौजन्याचे शब्द फॅसिस्ट वृत्तपत्रांनी राजवटीचे प्रशस्तिपत्र म्हणून मिरवले. स्वित्झर्लंडमध्ये फ्रेंच लेखक रोमां रोलां आणि पुढे इटलीतून परागंदा झालेले विरोधक त्यांना भेटले, त्यांनी पाहिलेले सांगितले. त्यानंतर रवींद्रनाथांनी सी. एफ. अँड्र्यूज यांना लिहिलेले फॅसिझमचा निषेध करणारे पत्र ‘मँचेस्टर गार्डियन’मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे मुंजे रोमला गेले त्याच्या पाच वर्षे आधी ही माहिती भारतीयांपर्यंत पोहोचू शकत होती. १९३६मध्ये रोमवरून जाताना मुसोलिनीची भेट जवाहरलाल नेहरूंनी आग्रहाला न जुमानता टाळली, ती हे सारे ठाऊक असल्यामुळे.

देशाबाहेर गेलेल्यांत कार्लो रोस्सेली यांचे स्थान वेगळे. १९२६च्या डिसेंबरात त्यांनी आणि फेर्रुच्चो पार्री यांनी वृद्ध समाजवादी नेते फिलिप्पो तुराती यांना मोटारबोटीने कोर्सिकाला पोहोचवले. याबद्दल दोघांवर खटला झाला, आणि रोस्सेली लिपारी बेटावर गेले. तिथून २७ जुलै १९२९ला एमिलिओ लुस्सू आणि फ्रान्चेस्को फाउस्तो नित्ती यांच्यासह ते समुद्रमार्गे निसटले आणि पॅरिसमध्ये ‘न्याय आणि स्वातंत्र्य’ ही संघटना उभी राहिली. समाजवाद आणि उदारमतवाद एकमेकांचे वैरी नाहीत, हा त्यांचा आग्रह कम्युनिस्टांना भोंगळ वाटे, जुन्या समाजवाद्यांना उद्धट. स्पेनमधल्या युद्धात ते स्वतः आघाडीवर गेले. पार्माचे पिचेल्लीही स्पेनमध्येच जानेवारी १९३७ला पडले. ९ जून १९३७ला नॉर्मंडीतल्या एका रस्त्यावर कार्लो आणि त्यांचा इतिहासकार भाऊ नेल्लो यांची हत्या झाली. मारेकरी फ्रेंच उजव्या गुप्त संघटनेचे, सुपारी इटालियन हेरखात्याची.

आता तुरुंगांकडे आणि बेटांकडे वळतो, कारण मला सांगायचे आहे ते तिथे दडले आहे. १९२६च्या अखेरीस ग्राम्शी आणि आमादेओ बोर्दिगा उस्तिका बेटावर एकत्र आले. पक्षात ते कट्टर प्रतिस्पर्धी. ग्राम्शींनी बोर्दिगांना नेतृत्वावरून दूर केले होते. बेटावर दोघांनी मिळून स्थानबद्धांसाठी शाळा काढली. ग्राम्शींकडे इतिहास, बोर्दिगांकडे विज्ञान. पुढे तूरीच्या तुरुंगात ग्राम्शींना स्वतःच्याच पक्षाशी वाद पत्करावा लागला. समाजवादी हे फॅसिस्टांचेच भाऊबंद, असे त्या काळी मॉस्कोचे धोरण होते. इटलीत फॅसिझमनंतर आधी सर्व विरोधी पक्षांनी मिळून घटना समितीची मागणी करावी, असे ग्राम्शी सहबंद्यांना सांगत. त्यावरून काही सहबंदी त्यांच्यापासून दुरावले. आजाराने पोखरलेल्या शरीराने त्यांनी ३३ वह्या भरल्या. आपण का हरलो, समाजाची संमती कशी मिळवली जाते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. मेहुणी तातियाना शुख्त आणि केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफ्फा यांनी पुस्तके आणि धीर दोन्ही पुरवले. २७ एप्रिल १९३७ला ते गेले.

व्हेंतोतेने हे बेट त्याहून बोलके आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला तिथे सुमारे आठशे स्थानबद्ध होते आणि त्यांच्या जेवणाच्या पंगती वेगळ्या होत्या. कम्युनिस्टांची वेगळी, अराजकवाद्यांची वेगळी, समाजवाद्यांची वेगळी, ‘न्याय आणि स्वातंत्र्य’वाल्यांची वेगळी. कम्युनिस्टांतून बाहेर पडलेले आल्तिएरो स्पिनेल्ली, एर्नेस्तो रोस्सी आणि तत्त्वज्ञ एउजेनिओ कोलोर्नी यांनी १९४१मध्ये संयुक्त युरोपाचा जाहीरनामा लिहिला. कोलोर्नी यांची पत्नी उर्सुला हिर्शमान हिने तो मुख्य भूमीवर पोहोचवायला मदत केली. इतर कैद्यांपैकी बहुतेकांना ही कल्पना पटली नाही. हिटलर–स्टालिन करारावर टीका केल्याबद्दल उम्बेर्तो तेर्राचिनी आणि कामिल्ला रावेरा यांना त्यांच्याच पक्षाने त्याच बेटावर बहिष्कृत केले. ज्यांच्यासाठी आयुष्याची उमेदीची वर्षे तुरुंगात घालवली, त्यांनीच बोलणे टाकले. मुसोलिनीच्या पहारेकऱ्यांपेक्षा ही शिक्षा त्यांना अधिक लागली असणार. तरी दोघांनी आपले मत मागे घेतले नाही, आणि पक्षाचे दार उघडल्यावर पुन्हा आतही आले.

मार्च १९४३मध्ये तूरिनच्या फियात मीराफिओरी कारखान्यात संप सुरू झाला आणि उत्तरेत पसरला. जुलैत मुसोलिनी पदच्युत झाला. सप्टेंबरात जर्मन फौजांनी देश व्यापला आणि पक्षांनी मिळून राष्ट्रीय मुक्ती समिती स्थापन केली. डोंगरांतला सशस्त्र लढा आणि एप्रिल १९४५मधली सुटका यांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत, म्हणून इथे थोडक्यात आटोपतो. एक गोष्ट मात्र मराठी पुस्तकात राहून जाऊ नये. या भूमीवर आपली माणसे लढली. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ला तिबेरच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनवर एकटे चालून गेले आणि धारातीर्थी पडले. शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ला सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना गोळीबारातून वाचवले आणि मग शत्रूची ठाणी उद्ध्वस्त केली. दोघेही मराठा पलटणीचे, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाच्या या जवानांनी दुसऱ्या देशाच्या सुटकेसाठी रक्त सांडले. इटलीच्या इतिहासात त्यांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, आणि आपल्या इतिहासातही नाही.

२ जून १९४६ला इटलीने राजेशाही नाकारली. देशव्यापी मतदानात प्रथमच स्त्रियांनी भाग घेतला. २७ डिसेंबर १९४७ला नव्या राज्यघटनेवर तिघांच्या सह्या झाल्या. राष्ट्रप्रमुख एन्रिको दे निकोला, जुन्या पिढीतले उदारमतवादी. पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी, कॅथलिक; फॅसिस्ट तुरुंगातून सुटल्यावर व्हॅटिकनच्या ग्रंथालयात नोकरी करून दिवस काढलेले. आणि घटना समितीचे अध्यक्ष उम्बेर्तो तेर्राचिनी, ग्राम्शींबरोबर एकाच खटल्यात २२ वर्षांहून अधिक शिक्षा झालेले, बेटावर स्वपक्षीयांनी वाळीत टाकलेले. हे तिघे कोणत्याच मोठ्या प्रश्नावर एकमताचे नव्हते. पण ज्या माणसांनी वीस वर्षे मतभेद जपण्याची किंमत मोजली, त्यांना विरोधकाला बोलू देणारे कलम लिहिताना कुणी समजावण्याची गरज नव्हती. १९२२मध्ये त्यांना एकमेकांची बाजू सावरता आली नव्हती. १९४७पर्यंत एकमत न होताही एका टेबलाशी बसणे ते शिकले होते, आणि हे शिक्षण तुरुंगात झाले.

सगळेच सुरळीत झाले, असा समज मात्र वाचकाने करून घेऊ नये. रोस्सेलींच्या विचारांचा वारसा सांगणारा कृती पक्ष युद्धानंतर दोनच वर्षांत विरून गेला; त्याच पक्षाचे पार्री यांचे मंत्रिमंडळ सहा महिनेही टिकले नाही. कोलोर्नी रोमची सुटका होण्याच्या काही दिवस आधी फॅसिस्टांच्या गोळ्यांनी मेले होते. जून १९४६मध्ये कम्युनिस्ट न्यायमंत्री पाल्मिरो तोल्यात्ती यांनी काढलेल्या माफीच्या हुकुमाने हजारो फॅसिस्ट बाहेर आले. समाज पुन्हा सांधायचा होता हे कारण मी समजू शकतो, पण न्यायाधीशांनी ती माफी छळ करणाऱ्यांपर्यंत ताणली, ते समजून घेणे मला जमलेले नाही. दुमिनीला १९२६च्या नाटकी खटल्यात जेमतेम सहा वर्षांची शिक्षा झाली होती आणि तीही भोगावी लागली नव्हती. १९४७मध्ये मात्तेओत्ती यांच्या खुनाचा खटला नव्याने चालला, त्याला जन्मठेप झाली, ती कमी होऊन ३० वर्षांवर आली, आणि १९५०च्या दशकात तो सुटून घरी गेला. मात्तेओत्ती यांची पत्नी व्हेलिया त्याआधीच, १९३८मध्ये, पोलिसांच्या पाळतीखाली मरण पावली होती.